गुरांच्या डॉक्टरकडचं बाळंतपण

माझ्या हातून शेकडो बाळंतपणं झाली आहेत. गायींची आणि म्हशींची. शेळ्यांची तर मोजदादच नाही. पशुसंवर्धन खात्यात मी पशुधन पर्यवेक्षक होतो, आणि नोकरीतली बरीच वर्षं भूम तालुक्यात फिरतीवर गेली. पर्यवेक्षक हा शब्द कुणाच्या तोंडात बसत नाही, म्हणून लोक मला डॉक्टर म्हणत. सुरुवातीला मी दुरुस्ती करायचो, "डॉक्टर नाही, पर्यवेक्षक." पुढं दुरुस्ती करायचा कंटाळा आला. शेवटी शेवटी तर एखाद्यानं नुसतं 'साहेब' म्हटलं तरी मला उगाच खटकायचं. निवृत्त होऊन येडशीजवळच्या गावी घर बांधलं, तेव्हा पाटीवर 'डॉ.' लिहायचं मात्र टाळलं. तेही प्रामाणिकपणामुळं नाही, बायको हसेल म्हणून.

अडलेली गाय सोडवायची म्हणजे शर्ट काढून, हाताला खांद्यापर्यंत साबण माखून, सगळ्या वस्तीसमोर काम करायचं. म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या बाया, शाळा बुडवून आलेली पोरं असे सगळे कडं करून उभे असायचे. माझा हात गाईच्या आत, आणि तोंड सुरू. पिशवीचं तोंड कुठवर उघडलंय, वासराचा पाय कुठं अडकलाय, जार का सुटत नाही, हे मी मालकाला खणखणीत आवाजात समजावून सांगायचो. त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नाही. गाईलाही वाटलं नसावं.

औषधाला माझा हात सढळ होता. गाय व्याली की अँटिबायोटिक, बैलाचं शिंग मोडलं की अँटिबायोटिक, म्हैस नुसती उदास दिसली तरी अँटिबायोटिक. यामागं शास्त्र कमी आणि चहा जास्त होता. "हिला काही झालेलं नाही, कोरड्या जागी बांधा," एवढंच सांगून निघालो की मालकाचं तोंड उतरायचं. "साहेबानं कायच केलं न्हाय," असं तो माझ्या पाठीमागं म्हणायचा, आणि गावाच्या वेशीपर्यंत मला ते ऐकू येत राहायचं. सुई टोचली की लगेच चहा, बरोबर भजी. इतक्या वर्षांत मी किती सुया जनावरांसाठी टोचल्या आणि किती भज्यांसाठी, हा हिशोब माझा मलाच लागत नाही.

एवढी पार्श्वभूमी सांगितली, कारण पुढं जे झालं ते अचानक झालं नाही. त्याची तयारी मी अख्खी नोकरी करत होतो.

लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडं आली. जावई पुण्यात कंपनीत, तो शनिवार-रविवार येऊन जायचा. धाराशिवला दवाखान्यात ती बाळंत झाली, मुलगी झाली. मी बाहेर बाकड्यावर बसलो होतो. बायको बाहेर आली, तिचे डोळे ओले होते.

"दोघी बी बऱ्या हायत," ती म्हणाली. "जरा टाके पडलेत, तेवढं."

"कुठं?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी आजही ते विसरलो नाही. "कुठं म्हंजी? नाकाला."

यानंतर त्या जखमेबद्दल मी सरळ शब्दांत काहीही विचारलं नाही. आमच्या घरात त्या जागेला नाव नव्हतं. 'तिकडं' होतं. तिकडं दुखतंय का, तिकडचं बरं आहे का, आणि हे विचारायचं तेही बायकोला. लेकीला तर नाहीच.

घरी सोडताना डॉक्टरबाईंनी लेकीला आणि बायकोला सगळं समजावून सांगितलं. मी दाराबाहेर उभा राहून ऐकत होतो आणि ऐकत नसल्यासारखं भिंतीवरच्या लसीकरणाच्या चित्राकडं पाहत होतो. लघवीला, संडासला जाऊन आलं की स्वच्छ पाण्यानं धुवायचं, मऊ कापडानं टिपून कोरडं ठेवायचं, पॅड वरचेवर बदलायचं, जखमेवर काहीही लावायचं नाही, दुखलं तर ही गोळी घ्यायची. ताप आला, वास आला, सूज वाढली, तर लगेच यायचं. बस.

माझ्याच्यानं राहवलं नाही. दारातूनच विचारलं, "आणि अँटिबायोटिक?"

"नाही लागणार," डॉक्टरबाई म्हणाल्या. "साधे टाके आहेत. स्वच्छता ठेवली की भरून येतात."

मी ते गुरांच्या मालकासारखं तोंड उतरवून ऐकलं. बाईंनी कायच केलं न्हाय, असं मी मनात म्हणालो.

घरी बाळंतिणीची खोली बायकोनं सज्ज ठेवली होती. खिडकीला गोधडी, बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा-बाळंतशेपाची धुरी. लेक डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणं दर वेळी पाणी घेऊन धुवायची, आणि बायको दर वेळी दाराशी उभी राहून बोलायची.

"सारखं सारखं पाणी घेऊ नगं. अंगात वात भरंल."

"आई, मॅडमनी सांगितलंय."

"मॅडमला काय जातंय सांगायला? पुढं निस्तरायचं मला हाय."

मी या वादात बायकोच्या बाजूनं होतो. पटलं होतं म्हणून नाही, मला वेळेवर जेवायला मिळावं म्हणून.

दुसऱ्याच दिवशी मी येडशीच्या मेडिकलवर गेलो. दुकानदार ओळखीचा, त्यानं "या डॉक्टर" म्हणून स्टूल पुढं केलं. चिठ्ठी मागितली नाही. त्याचा दोष नाही, मी स्टुलावर बसलोच असा होतो की कुणी चिठ्ठी मागू नये. अँटिबायोटिकचं नाव सांगून भारीपैकी कॅप्सूल घेतल्या आणि घरी येऊन बायकोला उपचार समजावला. सकाळ-संध्याकाळ एक पोटात, आणि एक कॅप्सूल उघडून तिची पावडर जखमेवर. मोडलेल्या शिंगाच्या जखमेवर मी हेच करायचो. बैल तक्रार करत नसत.

"तिकडं?" बायकोनं विचारलं.

"तिकडंच."

भिंतीपलीकडून लेकीचा आवाज आला. "मॅडम न्हाय म्हणल्यात अँटिबायोटिकला. वरून काय लावायचं बी न्हाय."

"आगं, तुझे अप्पा जन्मभर हेच करत आलेत."

"गुरांवर, आई."

मला राग आला. अपमान झाला म्हणून नव्हे, खरं होतं म्हणून. पण मी भिंतीकडं तोंड करून म्हणालो, "जखम ती जखम. तिला कळत न्हाय ती कुणाची हाय ते." हे वाक्य मला त्या वेळी फार आवडलं होतं. लेक थकलेली होती. बाळ दर दोन तासांनी उठवत होतं. तिनं वाद सोडून दिला आणि कॅप्सूल घेतली. पावडरही तिच्या आईनं टाकली.

दोन-तीन दिवसांत बाळाला पातळ शी होऊ लागली. बायको म्हणाली, "औषध उष्ण पडलं. बंद करा ते." मी लगेच तयार झालो. एवढ्यानं भागलं असेल, म्हटलं.

आता जे सांगायचं आहे ते लिहिताना हात थांबतो. दूध डेअरीच्या सभांमध्ये मी कितीतरी वेळा भाषण केलं आहे, की गाईला अँटिबायोटिक टोचलं तर इतके दिवस तिचं दूध डेअरीला घालू नका, ते औषध दुधात उतरतं. ऐकलं नाही म्हणून मी शेतकऱ्यांवर चारचौघांत ओरडलो आहे. आणि माझी लेक त्या कॅप्सूल खाऊन माझ्या नातीला पाजत होती, तेव्हा एकदाही माझ्या डोक्यात हे आलं नाही की निदान डॉक्टरबाईंना फोन करून विचारावं, अंगावर पाजताना हे औषध चालतं का. डेअरीच्या दुधाची मला जेवढी काळजी होती तेवढी नातीच्या दुधाची नव्हती.

पाचवी पुजली. त्यानंतर लेक बसेनाशी झाली. एका कुशीवर पडूनच पाजायची. जेवण उभ्यानं. आळिवाची खीर तिला आवडायची, ती तशीच वाटीत राहू लागली. एरवी आईच्या प्रत्येक वाक्याला तिच्याकडं उत्तर असायचं, ती आता गप्प असायची.

बायको ओट्याशी भाकरी थापत हळूच म्हणाली, "तिला तिकडं ठणकायलंय."

"टाक्याचं दुखतंच की."

"मला येगळं वाटायलंय. वास येतोय."

"धुरीचा असंल."

"धुरीचा वास मला कळत न्हाय व्हय? शेक जरा वाढवू का?"

"वाढव," मी म्हणालो.

तो एक शब्द. मी पेपर वाचत होतो, मान वर न करता म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको पुन्हा आली, अंग गरम लागतंय म्हणाली. मी ठरवलं, गोळ्यांनी भागलं नाही म्हणजे आता सुईच पाहिजे. येडशीला जाऊन इंजेक्शन आणायचं, आणि टोचायला माझा हात आहेच. मी मोटारसायकलची चावी घेतली आणि चप्पल घालत होतो, तेवढ्यात खोलीतून हाक आली.

"अप्पा, जरा इकडं या."

मी दाराशी उभा राहिलो. बाळंतिणीच्या खोलीत मी फार तर उंबऱ्यापर्यंत जायचो, तिथूनच बाळाला शुक् शुक् करायचो.

"आईला बोलवू का?"

"आईला नको. आत या. बसा तिथं." तिनं स्टुलाकडं बोट दाखवलं. ती डाव्या कुशीवर पडली होती, चेहरा लाल झाला होता, ओठ सुकले होते. बाळ शेजारी झोपलं होतं. "तुम्हाला एक केस विचारायची हाय."

"कसली केस?"

"समजा, एक गाय हाय. पयल्या वेताची."

मला वाटलं तापानं बरळतेय. पण माझी पाठ आपोआप ताठ झाली. केस म्हटलं की माझं असंच होतं.

"बरं."

"वासरू मोठं होतं, म्हणून व्यायच्या वाटंवर छेद घेऊन टाके घातले. दवाखान्यातून सांगितलं, धुवा, कोरडं ठेवा, काय लावू नका. मालकानं त्याच्यावर पावडर शिंपडली. ती ओली होऊन तिचा लगदा बसला. खालून शेक, गोठ्याला हवा न्हाय. अँटिबायोटिक दोन-तीन दिवस दिलं आणि मधीच बंद केलं."

"का बंद केलं?"

"वासराला हगवण लागली म्हणून. आता एक बाजू सुजून टणक झालीय, हात लावू देईना, वास येतोय, पिवळं पाणी येतंय. अंगात ताप हाय. काय करायचं?"

मी खाडकन बोलायला लागलो. खरं सांगतो, मला त्या क्षणी गायच दिसत होती. "आत पू धरलाय! तिथले टाके सोडून वाट करून द्यावी लागंल, धुवून काढावं लागंल. वरून पावडर मारून आतला पू जातोय व्हय? अर्धवट औषध दिलं की ताप दबतो आणि आत सडत राहतं. आणि आता नुसती सुई टोचून बी काय होणार न्हाय, आधी जखम साफ झाली पायजे. सुजलेल्या जागंखाली शेगडी कोण ठेवतं? असला कसला मालक हाय तो? त्याला म्हणावं, आजच्या आज मोठ्या दवाखान्यात ने, रक्तात उतरलं तर गाय हातची—"

मी थांबलो. लेक माझ्याकडं पाहत होती. डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीवर उतरत होतं, पण ती रडत नव्हती.

"मालकाला काय बोलू नका," ती म्हणाली. "चांगला हाय तो. नुसता घाबरलाय."

मी स्टुलावरून उठलो. आधी वाकून शेगडी बाहेर ओढली, बोट भाजलं. खिडकीवरची गोधडी काढली. बायको धावत आली, "अहो, काय करायलाव?" मी म्हणालो, "गाडी बोलवायलोय. पोरीच्या टाक्यांत पू झालाय." घरात ते शब्द पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारले गेले. बायकोनं पदर तोंडाला लावला. ती लाजली की घाबरली, मला कळलं नाही.

शेजारच्याच्या जीपमधून आम्ही धाराशिवला गेलो. लेक मागं आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी, बाळ आजीच्या खांद्यावर. मी पुढं बसलो होतो आणि प्रत्येक खड्ड्याला चालवणाऱ्याच्या मांडीवर हात ठेवत होतो. शेवटी तो म्हणाला, "काका, हात काढा, ब्रेक दाबता येईना."

डॉक्टरबाईंनी तपासलं आणि बाहेर येऊन विचारलं, "घरी काही औषध दिलं होतं का? खरं सांगा, त्यावर पुढचं औषध ठरवायचंय."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी कॅप्सूलचं नाव सांगितलं.

"कुणी दिलं?"

"डॉक्टरनं."

"कुठल्या डॉक्टरनं?"

"गुरांच्या."

"गुरांच्या?" त्यांचा आवाज चढला. "कोण आहे तो माणूस?"

"मीच," मी म्हणालो. मग राहवेना म्हणून भर घातली, "डॉक्टर पण न्हाय. पर्यवेक्षक."

बाकड्यावरच्या दोन बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्या ओरडल्याही नाहीत. ओरडल्या असत्या तर मला जरा बरं वाटलं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं, किती दिवस दिलं, दिवसातून किती वेळा, जखमेवर काय टाकलं. मी सगळं सांगितलं, शेक वाढवायला मीच सांगितलं हेही. त्याची त्यांना गरज नव्हती, मला होती.

मग त्या म्हणाल्या, "हिला पहिल्या दिवशी अँटिबायोटिक लागत नव्हतं, म्हणून दिलं नाही. आता लागतंय, म्हणून देणार आहे. पूर्ण द्यायचं, मधे थांबवायचं नाही. दूध पाजत राहू दे, चालेल असंच औषध देते. बाळालाही आज बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या. दोन टाके सोडून साफ करते. ती जागा आतून हळूहळू भरेल, वेळ लागेल."

"बरी होईल ना?"

"वेळेत आलात," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

वेळेत मी आणलं नव्हतं. माझ्या हातात मोटारसायकलची चावी होती.

आतून लेकीचा आवाज आला, एकदाच, दाबलेला. अडलेल्या जनावरांचं ओरडणं मी आयुष्यभर ऐकलं, पण त्या आवाजानं मी बाकड्याची कड घट्ट धरली. बायको शेजारी बसली होती, बाळाला थोपटत. ती म्हणाली, "मी बी वाढवू का म्हणून विचारलं." आमच्या संसारात तिनं दोष वाटून घेतल्याचं मला आठवत नाही. मी काहीतरी बोलणार, तोवर तिनंच पुढं म्हटलं, "पण वाढव तुम्हीच म्हणलाव." तेव्हा कुठं मला जरा श्वास घेता आला.

दोन दिवस तिथं ठेवून घेतलं. घरी आल्यावर खोलीची खिडकी उघडी राहिली, शेगडी परत गेली नाही. टबात कोमट पाणी करून तिला दिवसातून दोनदा बसायचं होतं. पाणी मी तापवायचो, कोपर बुडवून बघायचो आणि दाराशी ठेवायचो. गोळ्यांच्या वेळा मी पाळायचो, इतक्या की लेक म्हणाली, "अप्पा, गोळी घेऊन अर्धा तास झाला, आता तरी दारातून हला."

आणि रोज सकाळी मी विचारू लागलो. तिलाच, सरळ. सूज कशी आहे, ठणका आहे का, पाणी येतंय का, कुठल्या रंगाचं. पहिल्या दिवशी माझी जीभ इतकी अडखळली की तीच म्हणाली, "गाय समजून विचारा." दोन-चार दिवसांनी गाय लागेनाशी झाली. बायको मात्र दर वेळी स्वयंपाकघरातून ओरडायची, "हळू बोला, रस्त्यानं लोक जायलेत!" जायनात का, मी म्हणायचो.

बारसं लांबलं. बायकोला ते लागलं, पण लेक मांडी घालून बसू शकेल तेव्हाच करायचं, असं ठरलं. एके दिवशी ती खुर्चीत बसली, उशी न घेता. पुढच्या आठवड्यात तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, जखम भरत आलीय, अजून थोडं पाणी येईल, घाबरू नका. घाबरू नका म्हटल्यावर मी किती घाबरलो असेन, याची कल्पना मला ओळखणाऱ्यांना यावी.

बारशाच्या दिवशी घर बायांनी भरलं होतं. पाळणा बांधला होता, लेक हिरवं लुगडं नेसून चटईवर मांडी घालून बसली होती, मांडीवर बाळ. एवढ्या दिवसांनी तिला तसं बसलेलं पाहून मला काय झालं कोण जाणे. मी हातात घुगऱ्यांचं पातेलं घेऊन दारात उभा होतो. सकाळच्या धांदलीत आज विचारायचं राहिलं होतं, तेवढंच डोक्यात आलं, आणि भूमच्या गोठ्यांमधून घडलेल्या त्या खणखणीत आवाजात मी विचारलं, "पाणी यायचं पूर्ण थांबलं का?"

बायकोनं कपाळावर हात मारला. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "काय इचारायलंय ह्यो बाबा?"

"थांबलं, अप्पा," लेक तेवढ्याच मोठ्यानं म्हणाली. "आता पातेलं ठिवा आणि पाळणा म्हणू द्या बायांना."